नाचणीच्या मुळाशी सापडलेले मणी : नवीन बुरशी असेल का?

सड्यावरची | १० नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सिंधुदुर्गात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. मायकोरायझा म्हणजे मुळात राहणारी बुरशी, झाडाला फॉस्फरस आणून देते, बदल्यात साखर घेते. अकरा वर्षं फळ्यावर तीच आकृती काढतेय, प्रत्यक्षात एकदाही बघितलेली नाही. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या शेतात असते का ही?" मी "असते ना" म्हणून मोकळी झाले आणि घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहिली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचा सूक्ष्मदर्शक घरी आणला (रीतसर रजिस्टरवर सही करून). सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळाच्या, कडेला आमचा एक वरकस (उताराचा, हलक्या जमिनीचा) तुकडा आहे. वर नाचणी, खालच्या अंगाला चार ओळी भुईमूग. तिथे आजवर रासायनिक खत पडलेलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही, तिथवर गोण कोण चढवणार!

नाचणी कापल्यावर धसकटांच्या मुळांजवळची माती घेतली. बादलीत ढवळली, वाळू खाली बसायला दहा-वीस सेकंद दिली आणि वरचं गढूळ पाणी चाळण्यांतून ओतलं. आधी घरची रव्याची चाळण, मग लॅबच्या बारीक जाळ्या. शेवटच्या जाळीवर उरलेला गाळ बशीत घेऊन बघत बसले. दोन दिवस नुसता कचरा आणि इकडून तिकडे पळणारे आठ पायांचे जीव. तिसऱ्या दिवशी मणी दिसले!

तीन तऱ्हेचे आहेत. पहिले गडद तपकिरी, मोहरीसारखे, नुसत्या डोळ्यांनी दिसतात, भुईमुगाच्या ओळीत जास्त. दुसरे मधाच्या रंगाचे, बरेच लहान, अंगभर खळगे, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. तिसरे पांढरट, दुसऱ्यांपेक्षा मोठे, त्यांना एका बाजूला कांद्यासारखा फुगलेला देठ. काच दाबून फोडल्यावर आत ढालीसारखं काहीतरी दिसलं. हे तिसरे मी इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून पाहिले, एकाशीही जुळेनात.

तर प्रश्न असा, की ही नवीन बुरशी असू शकेल का? नवीन आहे हे ठरवतात कसं, आणि ठरवतं कोण? नवरा म्हणतो आधी नाव ठरव, बाकीचं नंतर.

खवय्या_वेंगुर्लेकर

गो बाय, माका वाटला तुका अळमी गावली! वाटप करूक घेतलंय हुतंय.

बोरूबहाद्दर

वाचतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

मायसेलिया | ११ नोव्हेंबर

सड्यावरची, धागा काढल्याबद्दल आधी मिठी. मी गोवा विद्यापीठात एम.एस्सी. केलं तेव्हा दीड वर्ष याच मण्यांत डोळे घातले होते. आता पोटापाण्यासाठी वेगळंच काहीतरी करते, पण हा विषय निघाला की हात शिवशिवतात.

वाईट बातमी आधी. मोहरीएवढे तपकिरी मणी मायकोरायझाचे नसावेत. मुळांतल्या या बुरशीचे बीजाणू बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतात. भुईमुगाच्या ओळीत, मोहरीसारखे, तपकिरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर स्क्लेरोशियम रोल्फसाय येते. ती भुईमुगाची बुंधा कुजवणारी बुरशी, आणि तिची ती बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खात्री करायला सोपं आहे. दोन-चार मणी ब्लेडने कापा, आत पांढरं दिसलं पाहिजे. बाकीचे झाकणाच्या डबीत ओल्या टिपकागदावर ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढऱ्या धाग्यांचा पंखा पसरला तर समजा तीच. मायकोरायझाची बुरशी अशी पसरत नाही, तिला जिवंत मूळच लागतं.

मधाळ, खळग्यांचे मणी अ‍ॅकॉलोस्पोरा वंशाचे वाटतात. त्यांची एक गंमत आहे. बीजाणू धाग्याच्या टोकाला येत नाही. टोकाला एक पिशवी फुगते आणि तिच्या मानेवर, बाजूला, बीजाणू धरतो. मग पिशवीतला माल त्यात उतरतो आणि रिकामी पिशवी गळून पडते. म्हणून शेतातून काढलेल्या मण्याला देठ दिसत नाही, फक्त बारीक वण दिसतो. असल्या खळग्यांची अ‍ॅकॉलोस्पोरा स्क्रोबिक्युलाटा जगात खूप ठिकाणी सापडते. तुमची तीच असेल असं नाही, पण पैज लावायची तर मी त्यावर लावेन.

तिसरे मात्र मजेशीर आहेत. कांद्यासारखा देठ म्हणजे जायगास्पोराचं घराणं, आणि आत ढाल असेल तर स्कुटेलोस्पोरा किंवा तिच्या भावकीतलं कुणीतरी. बीजाणू उगवताना अंकुर त्या ढालीतून निघतो. पुढचं ओळखायला भिंतीचे थर मोजावे लागतात. काही बीजाणू काचपट्टीवर पीव्हीएलजी नावाच्या चिकट द्रावणात आणि काही मेल्झरच्या द्रावणात बसवून फोडायचे. मेल्झरमध्ये कुठला थर लालसर-जांभळा होतो, किती गडद होतो, त्यावर सगळं अवलंबून. मेल्झरमध्ये आयोडीन आणि क्लोरल हायड्रेट असतं, ते घरी करायच्या भानगडीत पडू नका.

फोटोंशी जुळलं नाही म्हणून नवीन, असं मात्र समजू नका. हा माझा स्वतःचा पोळलेला अनुभव आहे. माझ्याकडे काजूच्या मुळांजवळचे विटकरी रंगाचे, जाड भिंतीचे, अंगावर बारीक भोकं असलेले बीजाणू आले होते. तीन महिने मी त्यांना मनातल्या मनात नावही देऊन ठेवलं होतं. मग कुंडीत वाढवून ताजे बीजाणू काढले तर साधे पिवळे, गुळगुळीत, चारचौघांसारखे. शेतातले म्हातारे झालेले होते आणि दुसऱ्याच सूक्ष्मजीवांनी पोखरलेले. ती 'नक्षी' म्हणजे वाळवीने खाल्लेल्या दारावरची नक्षी होती.

टिकोजीराव

मायसेलियाताईंनी सौम्य शब्दांत सांगितलं, मी स्पष्ट सांगतो. नवीन नसणार. २०१५ साली 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला. वेगवेगळ्या खंडांतल्या हजारावर मुळांच्या नमुन्यांतला डीएनए तपासला, तेव्हा या बुरश्यांचे ९३ टक्के प्रकार एकापेक्षा जास्त खंडांत सापडले. म्हणजे ही मंडळी जगभर पसरलेली आहेत. कोकणातल्या एका सड्याच्या कडेला वेगळी जात मिळेल हे रोमँटिक आहे, एवढंच.

धाग्याला विरोध नाही. अपेक्षा मातीवर ठेवा.

निवृत्त_तलाठी

अपेक्षा मातीवरच ठेवल्या आहेत की त्यांनी, बशीत घेऊन.

माझी शंका वेगळी. नवीन जात म्हणजे जातीचा दाखला कोण देतं? आणि पडताळणी समिती कुठे बसते? चाळीस वर्षं दाखल्यांत गेली, म्हणून विचारतो.

मायसेलिया

काका :-) समिती नाही, पण कागदपत्रं तुमच्याइतकीच लागतात. एक मूळ नमुना, म्हणजे काचपट्ट्यांवर कायम बसवलेले बीजाणू, मान्यताप्राप्त संग्रहात जमा करायचा. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे, तिथे तो ठेवता येतो. मग वर्णन: रंग, माप, भिंतीचे थर, देठ, आणि जवळच्या भाऊबंदांपेक्षा नेमकं काय वेगळं. हे छापून यायला हवं. २०११ संपेपर्यंत लॅटिन वर्णन सक्तीचं होतं, आता इंग्रजी चालतं. आणि १ जानेवारी २०१३पासून बुरशीचं नवीन नाव मायकोबँकसारख्या नोंदणीकेंद्रात नोंदवून क्रमांक घेतल्याशिवाय वैधच ठरत नाही. सातबाऱ्यावर चढल्याशिवाय जमीन तुमची नाही, तसं.

निवृत्त_तलाठी

आणि एकाच नावाचे दोन खातेदार निघाले तर?

मायसेलिया

आधीचा टिकतो, नंतरच्याने नाव बदलायचं. पण प्राण्यांचं आणि वनस्पती-बुरशींचं दप्तर वेगळं. ऱ्हायझोफॅगस नावाचा भुंगाही आहे आणि बुरशीही. दोघांचे उतारे स्वच्छ!

तार्तूत_एक_मराठी | १३ नोव्हेंबर

टिकोजीराव, तुम्ही सांगितलेला अभ्यास आमच्याच गावचा आहे. मी एस्टोनियात तार्तूला असतो, मातीतल्या जिवाणूंवर काम करतो, बुरशीवाले शेजारच्या लॅबमध्ये बसतात. (बाहेर आत्ता उणे चार आहे. सड्याचं वर्णन वाचून डोळ्यात पाणी आलं.)

९३ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. पण 'प्रकार' म्हणजे काय ते बघा. इथे मारयाम नावाची माहितीपेढी आहे, या बुरश्यांच्या डीएनएची. तिच्यात प्रजाती नसतात, 'आभासी' गट असतात. मुळातून डीएनए काढला, एका जनुकाचा छोटा तुकडा वाचला, तुकडे पुरेसे सारखे असले की एका गटात टाकले. बुरशी कुणी पाहिलेली असेलच असं नाही. तो तुकडा फार सावकाश बदलणारा आहे, त्यामुळे एका गटात दोन-तीन खऱ्या प्रजाती सहज बसू शकतात. आडनावावरून शिरगणती केल्यासारखं आहे ते. जगभर पाटील सापडले म्हणून सगळे पाटील एकाच घरचे होत नाहीत.

उलटीही अडचण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केलेल्या प्रजाती तीनशेच्या वर आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचा डीएनए कुणी वाचलेलाच नाही. म्हणजे एका वहीत चेहरे आहेत, नावं आहेत, पण बोटांचे ठसे नाहीत. दुसऱ्या वहीत ठसे आहेत, चेहरे नाहीत. सड्यावरचीने बीजाणू धरला आहे, म्हणजे चेहरा आहे. त्याच बीजाणूचा ठसा मिळाला तर दोन्ही वह्या जोडणारी एक ओळ वाढेल. ती बुरशी जुनी निघाली तरी ते काम वाया जाणार नाही.

टिकोजीराव

पाटलांचा मुद्दा मान्य. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे. आणि तो ठसा घेणं म्हणता तितकं सोपं नाही. एका बीजाणूत केंद्रकं शेकड्यांनी-हजारांनी असतात आणि एकाच बीजाणूत त्या जनुकाच्या थोड्या थोड्या वेगळ्या प्रती मिळतात.

तार्तूत_एक_मराठी

म्हणूनच लांब तुकडा वाचतात, साधारण दीड हजार अक्षरांचा, तीन सलग भाग मिळून, आणि एकच न वाचता बऱ्याच प्रती वाचतात. इतर बुरश्यांना चालणारा छोटा तुकडा इथे प्रजाती वेगळी करायला पुरत नाही. सोपं आहे असं मी कुठे म्हटलं?

केळीचा_घड | १४ नोव्हेंबर

जळगावहून. चर्चा छान आहे, पण तुम्ही सगळे नवीन बुरशी म्हणजे नवीन सून घरात आली असं बोलून राहिले. आमच्याकडे नवीन बुरशी म्हटलं की पोटात गोळा येतो.

केळीची मर म्हणजे पनामा रोग. फ्युझारियम मुळातून शिरते, आतल्या नळ्या बुजवते, झाड उभ्या उभ्या पिवळं पडून मोडतं. गेल्या शतकात ग्रो मिशेल नावाची केळी जगाच्या बाजारातून हिच्यामुळे उठली आणि कॅव्हेंडिश आली. आता कॅव्हेंडिशलाही मारणारी टीआर-४ आली आहे, भारतात बिहारच्या कटिहारमध्ये नोंद झाली. आमचं ग्रँड नैन कॅव्हेंडिशच आहे. २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी इंडोनेशियातल्या केळीवरचे नमुने तपासून टीआर-४ला वेगळी प्रजाती म्हणून फ्युझारियम ओडोरॅटिसिमम असं नाव दिलं. काही जणांना ते मान्य नाही, ते अजून टीआर-४च म्हणतात. मला सांगा, नाव बदलून माझ्या बागेला काय फरक पडला?

मायसेलिया

केळीचा_घड, राग समजू शकते. पण फरक पडतो असं मला वाटतं. फ्युझारियम ऑक्सिस्पोरम या एका नावाखाली निरुपद्रवीही आहेत आणि बागा झोपवणारेही. तुमच्या मातीत 'फ्युझारियम सापडली' एवढंच कुणी लिहून दिलं तर तुम्ही बाग मोडाल की ठेवाल? सीमेवर रोपं अडवायची तर नेमकं कुणाला अडवायचं हे कागदावर असावं लागतं.

केळीचा_घड

हे पटलं. ओडोरॅटिसिमम म्हणजे वासाची ना? चला, नाव तरी सुगंधी.

जुनी_पाने | १५ नोव्हेंबर

मरीचा विषय निघालाच आहे तर एका माणसाचं नाव घ्यायला हवं. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीला फ्युझारियम उडम हे नाव १९१० साली एडविन बटलर यांनी दिलं. बिहारमधल्या पुसा इथे ते सरकारी बुरशीशास्त्रज्ञ होते, भारतातल्या पिकांच्या रोगांचं पहिलं भक्कम काम त्यांचं. पण याच बटलर यांनी १९३९ साली मुळातल्या मित्रबुरशीवर एक मोठा आढावा लिहिला आणि तिला ऱ्हायझोफॅगस म्हटलं. मायसेलियांच्या भुंग्याचा सख्खा नावबंधू. अर्थ 'मूळखाऊ'. म्हणजे तुरीच्या शत्रूला 'दमट' असं सौम्य नाव आणि मुळाच्या मित्राला 'मूळखाऊ'!

मायकोरायझा हा शब्द त्याच्याही आधीचा, १८८५चा, जर्मनीतल्या फ्रँक यांचा. सरकारला ट्रफल नावाची महागडी अळंबी पिकवायची होती, त्या कामावर त्यांना नेमलं होतं. ट्रफल काही पिकली नाही, शब्द मात्र मिळाला.

खवय्या_वेंगुर्लेकर

म्हणजे सुरुवात अळम्यापासूनच झाली मा? मगे माका कित्याक हसलास?

डाळिंबवाला_सांगोला

माझ्या कामाचा प्रश्न. मी दरवर्षी डाळिंबाला मायकोरायझाचं पाकीट टाकतो. पाकिटावर 'ग्लोमस इन्ट्राराडिसेस' लिहिलंय. या वर्षीच्या पाकिटावर दुसरंच लांबलचक नाव. दुकानदार म्हणतो तेच आहे. फसवतोय का?

मायसेलिया

नावापुरतं बोलायचं तर फसवत नसेल. ही बुरशी म्हणजे नामांतराचा कळस आहे. जगभरच्या लॅबमध्ये जी एक जात वर्षानुवर्षं ग्लोमस इन्ट्राराडिसेस म्हणून वापरली, ती मुळात कॅनडातल्या क्वेबेकमधली. २००९मध्ये डीएनए ताडून पाहिला तर ती इन्ट्राराडिसेस नव्हतीच, इर्रेग्युलारिस होती. पुढच्या वर्षी वंशही बदलला आणि बटलर यांचा 'मूळखाऊ' परत आला. आता ती ऱ्हायझोफॅगस इर्रेग्युलारिस. जिच्यावर सगळ्यात जास्त प्रयोग झाले तिचंच नाव पंचवीसेक वर्षं चुकलेलं होतं. म्हणून मी सड्यावरचीला म्हणते, घाई नको.

पाकिटात जिवंत किती आहे हा प्रश्न वेगळा. चार चमचे माल चाळणीतून धुऊन बघा.

डाळिंबवाला_सांगोला

मेव्हण्याच्या मुलाकडे सूक्ष्मदर्शक आहे, मागे बघितलं होतं. एका पाकिटात मणी भरपूर. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात रांगोळीसारखी पांढरी भुकटी आणि मध्ये मध्ये काळे ठिपके, ते कोळसा निघाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, संपादक धागा उडवतील.

निवृत्त_तलाठी

आमच्याकडे नवीन कलम लावताना जुन्या झाडाखालची टोपलीभर माती खड्ड्यात टाकायची पद्धत होती. आजोबांना कारण विचारलं तर म्हणायचे, "वळण लागतं." ते हेच का?

मायसेलिया

हेच असावं. फुकटचं आणि गावठी. फक्त जुनं झाड निरोगी हवं, नाहीतर रोगाचंही वळण लागतं. आणि वर सुपर फॉस्फेटचा मारा नको. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला दारात उभं करत नाही. जांभ्या मातीत लोह-अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरस धरून ठेवतात, म्हणून तर या बुरशीचं तिथे जास्त काम. कोबी, मुळा, मोहरी, पालक यांच्या मुळांत मात्र ती राहत नाही, त्यांच्यावर पाकीट वाया.

उंबरठा

आणि पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजतात त्याचं काय? सगळी बुरशी जळत असेल ना?

मायसेलिया

वरच्या दोन-चार बोटांतली बरीचशी मरत असणार, ताप तिथेच जास्त. पण राबाचा तुकडा लहान, आणि रोपं उपटून जातात चिखलात. भरलेल्या पाण्यात ही बुरशी तशीही कमीच असते. नाचणीचं वेगळं. तिचं रोप राबातून थेट वरकस मातीत जातं, तिथे नव्याने जोडी जमते. मोजलेलं मी नाही. कुणी मोजलं तर वाचायला आवडेल.

सड्यावरची | १७ नोव्हेंबर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! टिपकागदाचा निकाल: तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर पांढऱ्या रेशमाचा पंखा. कापल्यावर आतही पांढरंच. म्हणजे मी शत्रूला बशीत घेऊन कौतुकाने फोटो काढत होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दरवर्षी चार झाडं बसतात तिथली, मला वाटायचं उंदीर."

पांढऱ्यांसाठी पुढे काय करू? तार्तूकर, तुमच्याकडे माती पाठवू का?

तार्तूत_एक_मराठी

नको नको! माती सरळ टपालात टाकायची नसते, रोग-किडी पसरतात म्हणून देशोदेशी बंदी असते. शिवाय आपला २००२चा जैवविविधता कायदा आहे, जैविक नमुना परदेशी संशोधनाला द्यायचा तर त्याचे नियम आहेत. गोव्यात, पुण्यात ही कामं करणारे लोक आहेत, दिल्लीत टेरी या संशोधन संस्थेत तर या बुरश्यांची जिवंत पेढीच आहे. एस्टोनियाला कशाला?

मायसेलिया

शिवाय आत्ता पाठवण्यासारखं काही नाही. आधी कुंडी लावा. कुंडीतली वाळू-माती वाफेवर निर्जंतुक करा, मध्ये तुमची माती आणि मुळांचे तुकडे पसरा, वर ज्वारी किंवा मका पेरा. आम्ही शोभेचा कोलियस वापरायचो, फांदी खोचली की झालं, मुळं भरपूर. तीन-चार महिने वाढवा, मग पाणी तोडा. रोप सुकायला लागलं की बुरशी बीजाणू धरते. ते ताजे, एका वयाचे, न पोखरलेले. त्यातला एकेक उचलून नव्या कुंडीत एका रोपाखाली ठेवायचा, म्हणजे सगळी संतती एकाची. दहा कुंड्या लावल्या आणि एक लागली तरी पेढे वाटा. तोवर नाव काढू नका.

टिकोजीराव

आणि एक कुंडी शेतातली माती न घालता ठेवा. तिच्यातही मणी निघाले तर सगळं मुसळ केरात.

जुनी_पाने

कुंडीशिवाय वाढणाऱ्याही निघतात बरं. १९९८मध्ये जेएनयूतल्या अजित वर्मा यांच्या गटाने थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांजवळून अशीच एक वर्णन केली, पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. शोध चालला होता मायकोरायझाचा, आणि त्याच मण्यांच्या सोबतीला ही भलतीच हाती लागली. मुळात राहते, झाडाला वाढवते, पण साध्या बशीतल्या खाद्यावरही वाढते. नात्याने ती अळंबीच्या बाजूची. २०१६मध्ये तिचंही नाव बदललं, आता सेरेंडिपिटा इंडिका.

खवय्या_वेंगुर्लेकर

अळंबीच्या बाजूची. नोंद घेतली असा.

सड्यावरची | २ एप्रिल

धागा वर काढतेय, रागावू नका.

आठ कुंड्या लावल्या. चार ज्वारीच्या, तीन कोलियसच्या, आणि टिकोजीरावांची एक कोरी. एक कोलियस शेळीने खाल्ला. फेब्रुवारीअखेर पाणी तोडलं आणि गेल्या आठवड्यात सगळ्या धुऊन पाहिल्या. कोरी कोरीच निघाली. बाकी सगळ्यांत बारीक पिवळसर मणी ढिगाने, देठ सरळ, ग्लोमसच्या घराण्यातले असावेत. शेतातल्या मातीत हे मला दिसलेही नव्हते. खळगेवाले दोन कुंड्यांत, आणि त्यातल्या तिघांना पिशवी चिकटलेली होती! मायसेलिया, मानेवर बाजूला मणी, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं. मी ओरडले तेव्हा नवरा अंघोळीतून बाहेर आला.

पांढरे एकाही कुंडीत नाहीत.

टिकोजीराव

मी काही बोललो नाही हं.

मायसेलिया

पिशवीसकट फोटो मिळाला म्हणजे लॉटरी आहे, जपून ठेवा. पांढऱ्यांचं आश्चर्य वाटत नाही. ही मोठ्या बीजाणूंची मंडळी कुंडीत लहान, चपळ मंडळींपुढे मागे पडतात. पावसाळ्यानंतर ताजी माती घ्या, पांढरे आधी हाताने निवडा, वीस-पंचवीस निरोगी, आत तेलाचे थेंब दिसणारे, आणि फक्त तेच थेट कोवळ्या मुळावर ठेवा. दिवाळीत जागा झालेला धागा दिवाळीपर्यंत जाऊ दे.

सड्यावरची

जाणारच. मधल्या काळात मुलांकडून मुळं रंगवून घेतली. ट्रायपॅन ब्लू महाग आणि हाताळायला नको वाटला, तर नेटवर १९९८ची शाई-व्हिनेगरची पद्धत सापडली. ज्वारीची मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात उकळून पारदर्शक केली (ते मीच केलं, मुलांना लांब ठेवून), धुतली, मग व्हिनेगरमध्ये पाच टक्के शाई घालून तीन मिनिटं उकळली. पेशीच्या आत फांद्याफांद्यांची झाडं दिसली, अगदी फळ्यावरच्या आकृतीसारखी. प्रश्न विचारणारी ती मुलगी पाऊण तास नळीवरून उठेना, मागे रांग लागली होती.

उंबरठा

हे मला माझ्या कुंडीतल्या तुळशीवर करून बघायचंय. शाई कुठली? आणि व्हिनेगर घरातलं चालेल?

सड्यावरची

पांढरं साधं व्हिनेगर, पाच टक्क्यांचं. शाई फाउंटन पेनची काळी घेतली. पहिली निळी आणली होती ती धुताना सगळी निघून गेली, दुसरी लागली. दोन-तीन आणून बघा. शेवटी पाण्यात दोन थेंब व्हिनेगर टाकून मुळं भिजवायची, जास्तीचा रंग उतरतो. आणि जुनं पातेलं घ्या, आमचं चहाचं गेलं.